एका देशासाठी किती दिवस काढावेत? नवख्या प्रवाशांसाठी मुक्काम ठरवण्याची पद्धत

परदेशप्रवासाचा विचार सुरू झाला की नवखा प्रवासी पहिल्यांदा विचारतो ते हेच, की अमुक देश बघायला किती दिवस लागतात. प्रश्न साधा वाटतो, पण या रूपात त्याला उत्तर नाही, कारण देश ही प्रवास मोजण्याची पट्टीच नव्हे. सिंगापूरचे क्षेत्रफळ साडेसातशे चौरस किलोमीटरही भरत नाही, तर चिली उत्तरेकडून दक्षिणेकडे सुमारे ४,३०० किलोमीटर पसरलेला आहे. यादीत मात्र दोन्ही एकेक देश म्हणूनच मोजले जातात. प्रवास मोजावा तो मुक्कामांनी. कोणत्या गावी किती रात्री काढायच्या आणि एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी पोहोचण्यात किती वेळ जाईल, या दोन गोष्टी ठरल्या की दिवसांचा आकडा आपोआप समोर येतो.

पुढील पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्याव्यात. बहुतेक जण स्थळांच्या यादीपासून सुरुवात करतात आणि रजेचे गणित शेवटी मांडतात. तोवर यादीतल्या प्रत्येक नावावर जीव जडलेला असतो, काहीच सोडवत नाही, आणि निम्मा प्रवास गाडीच्या खिडकीतून होतो.

१. जास्तीत जास्त किती दिवस राहता येईल ते पाहणे

ही मर्यादा रजा ठरवते तशीच त्या देशाचे प्रवेशाचे नियमही ठरवतात. युरोपातील शेंगेन क्षेत्राचे, म्हणजे प्रवेशाचे नियम सामाईक असलेल्या देशांच्या गटाचे, उदाहरण घ्यावे. या क्षेत्रात २९ देश आहेत आणि अल्प मुदतीच्या भेटीसाठी आलेल्या परदेशी प्रवाशाला तेथे कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत मिळून जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ही मुदत सर्व देशांना मिळून एकच असते, आणि प्रवेशाचा तसेच बाहेर पडण्याचा असे दोन्ही दिवस तीत धरले जातात. ज्यांना व्हिसा काढावा लागतो त्यांनी पासपोर्टवर चिकटवलेला कागद नीट वाचावा. व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे त्यावर एका ठिकाणी छापलेले असते, आणि त्या तारखांच्या आत प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल हे दुसऱ्या ठिकाणी. तारखांमध्ये महिनाभराचे अंतर असूनही मुक्कामाचे दिवस १५च असू शकतात, आणि अशा वेळी सोळावा दिवस बेकायदा ठरतो. ब्रिटन आणि आयर्लंड या क्षेत्राबाहेर आहेत. तेथे काढलेले दिवस या हिशेबात येत नाहीत, परंतु त्यांच्या प्रवेशाची व्यवस्था वेगळी पाहावी लागते.

पासपोर्टची मुदतही याच वेळी तपासावी. शेंगेन देशांमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर तो किमान ३ महिने चालणारा असावा लागतो, तर सिंगापूर आणि इंडोनेशियासारखे देश ६ महिन्यांची अट घालतात. व्हिसाच्या अर्जासोबत प्रवासाचा आराखडा द्यावा लागणार असेल, तर पुढील सर्व पायऱ्या अर्जाआधीच उरकाव्यात, कारण अर्जात लिहिलेले दिवस पाहूनच बहुधा मुदत दिली जाते.

२. रजेच्या दिवसांतून हातात पडणारे दिवस वेगळे काढणे

समजा १० दिवसांची रजा आहे. पहिल्या दिवशी रात्री विमान सुटते, दुसऱ्या दिवशी दुपारी ते पोहोचते, आणि दहाव्या दिवशी सकाळी परतीचे विमान पकडायचे असते. म्हणजे परदेशात ८ रात्री मिळाल्या, आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत आपले म्हणावेत असे पूर्ण दिवस ७ मिळाले. दुसऱ्या दिवसाची उरलेली दुपार विमानतळाबाहेर पडणे, खोली ताब्यात घेणे, सिमकार्ड आणि पैशांची सोय करणे यात जाते. तिच्यावर एखादे मोठे स्थळ लादू नये.

वेळेचा फरक मोठा असेल तर आणखी एक वजावट करावी. शरीराचे घड्याळ नव्या वेळेला दररोज साधारण एका तासाने सरावते, आणि पूर्वेकडे प्रवास केल्यास हा त्रास बहुतेकांना अधिक जाणवतो. याचा अर्थ ८ तासांच्या फरकासाठी आठवडाभर पडून राहावे असा नाही. पहिले दोन दिवस एकाच गावी, पायी फिरण्यापुरते आणि मोकळ्या वेळापत्रकाचे ठेवले तर पुरे. पहाटे तीनला जाग येणार हे गृहीत धरून पहिल्याच सकाळी सूर्योदय पाहण्याचा बेत आखणारे लोक मला या बाबतीत फार व्यवहारी वाटतात.

३. स्थळांची यादी करणे आणि प्रत्येकापुढे अर्धे दिवस लिहिणे

आता यादी करावी, मनसोक्त करावी, मात्र प्रत्येक नावापुढे ते स्थळ किती अर्धे दिवस घेईल हे लिहावे. एक दिवस हे माप फार ढोबळ पडते आणि तास हे माप फार काटेकोर. अर्ध्या दिवसाचे माप बरोबर बसते, कारण जेवण, विश्रांती, रांग आणि रस्ता चुकणे हे सारे त्यात सामावते.

अंदाज कसा बांधावा? अनेक ठिकाणी तिकिटांच्या प्रकारांवरूनच तो बांधता येतो. कंबोडियातील अंगकोरची प्रवेशपत्रे १, ३ आणि ७ दिवसांची असतात. तेथील पुरातत्त्व उद्यान सुमारे ४०० चौरस किलोमीटरचे आहे हे ध्यानात घेतले की एका दिवसाचे पत्र केवळ अंगकोर वाट, बायोन आणि फार तर आणखी एकदोन मंदिरांपुरते आहे हे कळते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने ३ दिवसांचे पत्र घ्यावे हे वेगळे सांगावे लागत नाही.

जॉर्डनमधील पेत्रा या खडकात कोरलेल्या प्राचीन नगरीचीही १, २ आणि ३ दिवसांची तिकिटे मिळतात, पण छायाचित्रांमुळे तेथे एक दर्शनी भाग पाहून तासाभरात परतता येईल असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात प्रवेशद्वारापासून उतरत गेल्यावर सीक नावाची सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीची अरुंद घळ लागते, आणि ती पार केल्यावर ‘खजिना’ या नावाचा तो प्रसिद्ध कोरीव दर्शनी भाग समोर येतो. तेथून पुढे थडगी, रंगमंडप आणि स्तंभांचा रस्ता ओलांडून मठापर्यंत जायचे तर आठशेच्या घरात पायऱ्या चढाव्या लागतात, आणि मग हे सगळे अंतर परत चालून शेवटी प्रवेशद्वाराकडचा चढ चढायचा असतो. यादीत ‘पेत्रा’ असा एकच शब्द असला तरी त्यापुढे किमान दोन अर्धे दिवस लिहावे लागतात, आणि मुक्काम लगतच्या वादी मुसा गावीच हवा.

यादी करतानाच प्रत्येक संग्रहालयाचा आठवड्यातील बंद दिवस पाहावा. पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी बंद असते आणि ओर्से सोमवारी. ज्याच्याकडे पॅरिससाठी फक्त सोमवार आणि मंगळवार आहेत, त्याने या दोन संग्रहालयांचा क्रम चुकवून चालणार नाही.

यादी पूर्ण झाली की त्यातील तीन नावांखाली रेघ ओढावी: ज्यांच्यासाठी आपण मुळात निघालो ती. बाकीची सगळी नावे वाटेत जमली तर घ्यायची. हा भेद आताच केला नाही, तर पुढे कात्री लावताना हात थांबतो.

४. नकाशावरील अंतराचे वेळेत रूपांतर करणे

दिवसांचे गणित सर्वाधिक फसते ते येथे. न्यूझीलंडमधील क्वीन्सटाउन शहर आणि मिलफर्ड साउंड खाडी ही दोन ठिकाणे सरळ रेषेत एकमेकांपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहेत. नकाशा पाहणारा म्हणतो, सकाळी जाऊ आणि दुपारी परत येऊ. परंतु मध्ये पर्वतरांग आहे आणि सरळ रस्ता नाही. गाडीला दक्षिणेकडे ते अनाऊ गावी उतरून, मग पुन्हा उत्तरेकडे वळून, होमर बोगद्यातून पलीकडे जावे लागते. हे अंतर एका बाजूने सुमारे २९० किलोमीटर भरते आणि कुठेही न थांबता चार तास घेते. जाऊन, बोटीतून फिरून त्याच दिवशी परतणे शक्य आहे, आणि रोज कितीतरी लोक तसे करतातही, पण दिवसाचे आठ तास आसनावर जातात. ते अनाऊला एक रात्र काढली तर सकाळचा रस्ता दोन तासांवर येतो आणि पहिली बोट गर्दीआधी मिळते. अशी एखादी रात्र वाढवणे ही उधळपट्टी वाटत असली तरी ती बहुतेकदा वसूल होते.

म्हणून प्रत्येक टप्प्यासाठी एका खोलीच्या दारापासून दुसऱ्या खोलीच्या दारापर्यंत लागणारा वेळ लिहावा. तासाभराच्या देशांतर्गत विमानप्रवासात विमानतळ गाठणे, तपासणी, सामानाची वाट आणि पुन्हा शहरात शिरणे धरले की अर्धा दिवस जातो. टोकियो ते क्योतो हा प्रवास वेगवान शिंकान्सेन रेल्वेने सव्वादोन तासांच्या आसपास होतो आणि दोन्ही स्थानके शहरातच असल्याने तेथे विमानापेक्षा रेल्वे सरस ठरते. याउलट हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग आहे आणि त्यावरील गाडी तीस तासांहून अधिक वेळ घेते. रेल्वेप्रवासाची हौस असेल तर तो जरूर करावा, मात्र मग तो ‘प्रवासात गेलेला वेळ’ न धरता यादीतील एक स्थळ म्हणून धरावा.

रात्रीची गाडी किंवा बस घेतल्याने दिवस वाचतो असे म्हणतात. खोलीचे भाडे वाचते हे खरे, पण पहाटे पाचला नव्या गावात उतरल्यावर खोली दुपारी दोनशिवाय मिळत नाही आणि झोप अर्धवट झालेली असते, त्यामुळे वाचलेला दिवस फार तर अर्धा समजावा.

मुक्काम बदलण्याची किंमत एकदा कळली की एक नियम सहज पटतो: एका गावी शक्यतो ३ रात्रींपेक्षा कमी राहू नये. तीन रात्री म्हणजे दोन पूर्ण दिवस, आणि दोन दिवसांत एक दिवस पावसात गेला तरी दुसरा उरतो. एका रात्रीचा मुक्काम अपवाद म्हणून, वाट मोडण्यापुरता घ्यावा. त्याऐवजी एकाच गावी तळ ठोकून भोवतालची ठिकाणे दिवसभरात पाहून परत येणे अधिक सुखाचे. क्योतोला तळ ठेवला तर नारा आणि ओसाका दोन्ही रेल्वेने तासाभराच्या आत येतात आणि बॅगा एकदाच उघडाव्या लागतात.

५. रात्रींची बेरीज करणे आणि कात्री लावणे

आता वरील १० दिवसांच्या रजेतील ८ रात्री घेऊन व्हिएतनामचा आराखडा करून पाहू. नवख्याची यादी साधारण अशी असते: हनोई, हा लाँग उपसागर, निन्ह बिन्ह, ह्वे, होई आन, हो ची मिन्ह सिटी आणि मेकाँगचा त्रिभुज प्रदेश. देश उत्तर-दक्षिण सुमारे १,६५० किलोमीटर लांब आहे. सातही ठिकाणे घ्यायची तर हनोईला २, हा लाँगला १, निन्ह बिन्हला १, ह्वेला १, होई आनला २, हो ची मिन्ह सिटीला २ आणि मेकाँगला १ अशा १० रात्री होतात. म्हणजे आठात हे बसतच नाही, आणि बसवलेच तरी जवळपास रोज सकाळी बॅग भरावी लागेल.

येथे प्रत्येक ठिकाणची एकेक रात्र कमी करण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि एक संपूर्ण विभाग सोडून द्यावा. दक्षिण वगळली तर हनोईला ३ रात्री, हा लाँगच्या बोटीवर १, आणि तेथून हनोईला परत येऊन सायंकाळच्या विमानाने दा नांगला उतरून तीस किलोमीटरवरील होई आनला ४ रात्री असा आठ रात्रींचा आराखडा होतो. हनोईच्या तीन रात्रींत एक दिवस निन्ह बिन्हला जाऊन येता येते, आणि होई आनच्या चारांत एक दिवस हाय व्हान घाट ओलांडून ह्वेला. बॅगा फक्त दोनदा हलतात, आणि यादीतील सातांपैकी पाच नावे तरीही हाती लागतात. दा नांगहूनच मायदेशी परतता आले तर उत्तम. उतरण्याचे आणि परतण्याचे शहर वेगळे ठेवणारे मल्टीसिटी तिकीट कधी थोडे महाग पडते, पण आल्या वाटेने मागे फिरण्यात जाणारा दिवस ते वाचवते.

असेच गणित उलट दिशेनेही करता येते. रजा अजून ठरलेली नसेल तर रेघ ओढलेली तीन नावे घ्यावीत, त्यांच्या रात्री आणि त्यांमधील टप्पे मोजावेत, आणि मग तेवढी रजा मागावी.

६. ऋतू, उजेड आणि सण

एकाच मार्गाला वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळे दिवस लागतात. आइसलँडला वळसा घालणारा मुख्य रस्ता सुमारे १,३२० किलोमीटरचा आहे. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असल्याने तो आठवड्याभरात निवांत पुरा होतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र रेक्याविकला दिवसाचा उजेड जेमतेम चार तास असतो, वादळामुळे रस्ते बंदही होतात, आणि तेवढ्याच दिवसांत पूर्ण वळसा घालण्याचा हट्ट धोक्याचा ठरतो. हिवाळ्यात तेथे दक्षिण किनाऱ्यापुरतेच फिरावे. उत्तरध्रुवीय प्रकाश पाहणे हाच हेतू असेल तर एका ठिकाणी ४-५ रात्री राखाव्यात, कारण आभाळ मोकळे असल्याशिवाय तो दिसत नाही आणि आभाळावर कोणाचा ताबा नसतो.

सणांमुळे दिवस वाढतात तसे वायाही जातात. बालीमध्ये न्येपी या मौनाच्या सणाच्या दिवशी विमानतळासह सारे बेट चोवीस तास बंद असते आणि पर्यटकांनाही निवासस्थानाबाहेर पडता येत नाही. जपानमध्ये एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गोल्डन वीकच्या सलग सुट्ट्या येतात; तेव्हा रेल्वेची आसने आणि खोल्या मिळणे कठीण होते.

७. उंचीवर जाताना शरीराला द्यायचे दिवस

या दिवसांत काटकसर करू नये. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याच्या ठिकाणाची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, अशी वैद्यकीय शिफारस आहे. एव्हरेस्टच्या तळछावणीकडे जाणाऱ्या वाटेवर ३,४४० मीटरवरील नामचे बाजारला एक जादा दिवस थांबतात तो यासाठीच. या पदयात्रेला १२ ते १४ दिवस लागतात, आणि ती जेथून सुरू होते त्या लुक्लाची विमाने ढगांमुळे वारंवार रद्द होत असल्याने शेवटी एकदोन दिवस हाताशी ठेवावे लागतात.

पेरूमध्ये हीच गोष्ट जराशा चतुराईने साधता येते. समुद्रसपाटीजवळच्या लिमाहून विमान थेट ३,४०० मीटरवरील कुस्कोला उतरवते आणि अनेकांचे डोके तेथेच दुखू लागते. माचू पिच्चू मात्र २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोहून बरेच खाली आहे. म्हणून विमानतळावरून तडक २,८०० मीटरच्या आसपास असलेल्या ओयान्तायताम्बोला जाऊन तेथे दोन रात्री काढाव्यात, तेथूनच रेल्वेने माचू पिच्चूला जावे, आणि कुस्को शहर शेवटी, शरीर सरावल्यावर पाहावे. दिवस तेवढेच लागतात, फक्त क्रम बदलतो.

८. सोबती, खर्च आणि शेजारचा देश

लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील तर दिवसाला एकच मोठे स्थळ धरावे आणि दुपार मोकळी ठेवावी. खर्चाबाबत एवढेच लक्षात ठेवावे की विमान आणि व्हिसा यांचा खर्च दिवस वाढले म्हणून वाढत नाही, त्यामुळे लांबच्या देशात चार दिवस जाऊन येणे सर्वांत महागात पडते. दूरचा देश निवडला असेल तर रजा साठवून जावे, थोडीच रजा असेल तर जवळचा देश निवडावा.

‘एवढे लांब आलोच आहोत तर’ म्हणून शेजारचा देश जोडण्याची इच्छा सर्वांनाच होते. बहुतेक ठिकाणी सीमा ओलांडण्यात किमान अर्धा दिवस जातो, नवे चलन आणि नवा प्रवेश परवाना लागतो, त्यामुळे पासपोर्टवरील शिक्क्यासाठी हे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. स्थळच सीमेवर पसरलेले असेल तर गोष्ट वेगळी. इग्वासूच्या धबधब्यांचा मोठा भाग अर्जेंटिनाच्या हद्दीत आहे आणि तेथील पायवाटा पाण्याच्या अगदी जवळ नेतात, तर त्यांचा पूर्ण विस्तार समोरून दिसतो तो ब्राझीलच्या बाजूने. तेथे दोन्ही देशांचे परवाने असतील तर प्रत्येक बाजूला एक दिवस द्यावा.

९. राखीव दिवस आणि आरक्षणाचा क्रम

दर आठवड्यामागे एक दिवस कोरा सोडावा. तो आराखड्याच्या मध्यावर असावा, म्हणजे रद्द झालेली बोट किंवा पावसात गेलेले स्थळ त्या दिवशी भरून काढता येते. शेवटचा मुक्काम बेटावर किंवा डोंगरात ठेवू नये. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री विमानतळाच्या शहरात पोहोचलेले असावे.

मग आराखडा कागदावर उतरवावा: एका ओळीत तारीख आणि त्या रात्री झोपण्याचे गाव, एवढेच. वाट मोडण्यापुरता घेतलेला एका रात्रीचा मुक्काम सोडता, एकापाठोपाठ तीन ओळींत तीन वेगळी गावे आली तर पाचव्या पायरीवर परत जाऊन आणखी एक नाव खोडावे. गावे जुळली की आधी ठरावीक संख्येतच मिळणारी प्रवेशपत्रे त्या तारखांना शिल्लक आहेत का ते पाहावे, कारण माचू पिच्चूसारख्या ठिकाणी दिवस, वेळ आणि मार्ग ठरवूनच प्रवेश मिळतो आणि गर्दीच्या महिन्यांतील तिकिटे बरीच आधी संपतात. ती मिळत असतील तर विमानाचे तिकीट आणि ती एकाच दिवशी काढावीत, आणि खोल्या शक्यतो रद्द करता येतील अशाच घ्याव्यात, म्हणजे व्हिसावर दिवस कमी पडले तरी आराखड्यातील शेवटची ओळ पैसे न गमावता काढून टाकता येते.